गादीला दिलेली मुलं

झाशीच्या राणीचा पुतळा दिसला की माझी नजर हल्ली तिच्या तलवारीवर थांबत नाही, पाठीशी बांधलेल्या मुलावर थांबते. बहुतेक शिल्पकार त्याला दीड-दोन वर्षांचं करतात, शेल्याच्या गाठीत मावेल एवढं. १८५८ साली दामोदरराव आठ-नऊ वर्षांचा होता. त्या वयाचं मूल सगळं पाहतं आणि पाहिलेलं विसरत नाही. किल्ल्याला पडलेला वेढा, रात्रीतून निघणं, काल्पी, ग्वाल्हेर आणि शेवटी आईचं जाणं त्याने जाणत्या डोळ्यांनी पाहिलं असणार. पण त्या कथेत त्याला तोंड नाही. तो वारस आहे, त्याच्या हक्कासाठी लढाई झाली आहे, आणि तेवढ्यावर त्याचं काम संपलेलं आहे.

त्याचं जन्माचं नाव आनंदराव. नेवाळकरांच्याच भाऊबंदांतला मुलगा. २० नोव्हेंबर १८५३ रोजी अंथरुणाला खिळलेल्या गंगाधररावांनी त्याला दत्तक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. राणीला त्याआधी झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला होता. त्याचं नाव दामोदर होतं, तेच या पोराला दिलं गेलं. चार वर्षांच्या मुलाने एका दिवसात घर बदललं, आईबाप बदलले, गेलेल्या बाळाचं नाव अंगावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवा बापही गमावला. १८५४ साली डलहौसीच्या सरकारने हे दत्तविधान राज्यापुरतं नामंजूर करून झाशी खालसा केली. ग्वाल्हेरनंतर काही इमानी माणसांनी त्याला रानावनातून सांभाळत फिरवलं. अखेर इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावर इंदुरात लहानशा तनख्यावर त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. राणीनंतर तो अठ्ठेचाळीस वर्षं जगला. १९०६ साली वारला, तेव्हा टिळक-गोखले आपापल्या राजकारणाच्या ऐन भरात होते. राणीचा मुलगा इंदुरात अजून हयात आहे, याची जाणीव त्या काळी किती जणांना असेल?

मराठी राज्यांचा इतिहास आपण गादीच्या बाजूने वाचतो. गादी रिकामी पडली, मग वारस शोधला, मग मंजुरी आली, मग समारंभ झाला. या क्रमात मूल फार उशिरा येतं, आणि येतं तेही पोशाखासकट. मला त्याच्या आदल्या दिवसाचं कुतूहल वाटतं. ज्या घरातून मूल उचललं जातं त्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल? 'पोराने नशीब काढलं' असं शेजारी म्हणाले असतील. आईही तसंच म्हणाली असेल, कारण दुसरं काही म्हणण्याची सोय तिला नव्हती.

धर्मशास्त्राला या देण्याचं भान होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दत्तविधानाचा गाभा होमात नाही, देण्यात आणि घेण्यात आहे. जन्मदात्यांनी मूल उचलून द्यायचं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारायचं. एकुलता एक मुलगा देऊ नये, थोरला देऊ नये, अशी बंधनं ग्रंथांत आहेत. ती घालावी लागली याचाच अर्थ लोक तशी मुलं देत होते. एकदा दिल्यावर मात्र शास्त्र कठोर होतं. जन्मदात्याचं गोत्र सुटलं, त्याची मालमत्ता सुटली, त्याला पिंड देण्याचा अधिकारही सुटला. रक्ताचं नातं मानलं जाई ते मुख्यतः लग्नापुरतं, म्हणजे जन्मघरातल्या मुलीशी सोयरीक होऊ नये एवढ्यासाठी.

आमच्या घराण्यात गादी वगैरे काही नव्हती, पण एक दत्तक आहे. आजोबांच्या धाकट्या भावाला शेजारच्या तालुक्यातल्या एका विधवा चुलतीने घेतलं होतं. विहीर, थोडी बागायत आणि अर्धा पडलेला वाडा, एवढ्यासाठी. दिवाळीला तो घरी आला की पणजी त्याला पाटावर बसवून आधी वाढायची, पाहुण्याला वाढतात तशी, आणि बाकीच्या मुलांना त्याचा हेवा वाटायचा. पणजी गेली तेव्हा भावांना दहा दिवसांचं सुतक आलं आणि त्याला तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी तो शुद्ध झाला. आजोबा सांगत, त्या दिवशी तो अंघोळ करून ओसरीवर बसून राहिला. सुतकातल्या भावांमध्ये त्याला बसता येईना आणि आलेल्या पाहुण्यांमध्ये बसवेना. ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त जमीन होती, त्याला आईसाठी सगळ्यात कमी दिवस मिळाले. या एका गोष्टीमुळे मी राजघराण्यांतल्या दत्तकांच्या हकिकती निराळ्या नजरेने वाचू लागलो.

गादीची निकड तर मूल जन्माला येईपर्यंतही थांबत नसे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन जपलं आणि न जन्मलेल्या मुलाच्या नावाने राज्य चालवलं. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. एकविसाव्या वर्षी, १७९५ साली, तो त्याच वाड्यात सज्ज्यावरून पडून गेला. पुढे बडोद्यातही असंच घडलं. १८७० साली खंडेराव गायकवाड वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. सगळं राज्य बाळाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं. १८७१ साली मुलगी झाली, ताराबाई, आणि गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांच्याकडे गेली. त्या मुलीने पहिला श्वास घेतला त्या क्षणी एका राज्याचा प्रश्न तिच्या विरुद्ध सुटला होता. मुलगी झाली हे सांगायला सुईणीने दार उघडलं असेल तेव्हा बाहेरची तोंडं कशी उतरली असतील, हे मला आजही सहज दिसतं, कारण ते दृश्य आपल्या घरांतून अजून पूर्णपणे गेलेलं नाही.

मल्हाररावांना १८७५ साली पदच्युत करून मद्रासला पाठवलं गेलं आणि जमनाबाईंना दत्तकाची परवानगी मिळाली. मधल्या काळात इंग्रजांचं धोरण पालटलं होतं. १८५७ च्या तडाख्यानंतर १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. झाशीला जे नाकारलं ते बडोद्याला एकवीस वर्षांनी मिळालं. दामोदररावाचं राज्य गेलं म्हणून गोपाळरावाला राज्य मिळालं, असं म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

गोपाळराव म्हणजे कवळाण्याच्या काशीराव आणि उमाबाई गायकवाडांचा मुलगा. मालेगावजवळचं हे खेडं. गायकवाडांचीच दूरची शाखा, पण शेतीवर जगणारी. बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळख जवळजवळ नव्हती. आणखी मुलांबरोबर त्यालाही बडोद्याला नेऊन उभं केलं गेलं. कशासाठी आलास असं विचारल्यावर त्याने राज्य करायला आलो असं ठणकावून सांगितलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती सांगताना आपल्याला त्याचं धाडस दिसतं. मला त्या उत्तरात एक शेतकऱ्याचं पोर दिसतं, ज्याला घरून निघताना काय सांगितलं होतं ते पाठ आहे. बारा वर्षांच्या मुलाला राज्य म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्याला इथे ठेवून घेतलं पाहिजे, नाहीतर परत जाताना सगळ्यांची मान खाली जाईल, हे मात्र त्या वयात नीट कळतं.

२७ मे १८७५ रोजी त्याचं दत्तविधान झालं आणि तो सयाजीराव झाला. कोवळ्या वयातल्या विधवा जमनाबाई त्याची आई झाल्या. दिवाण म्हणून टी. माधवराव आले, शिकवायला इलियट नावाचा इंग्रज आला. अक्षरापासून सुरुवात करून सहा वर्षांत, २८ डिसेंबर १८८१ रोजी, त्याच्या हाती संपूर्ण अधिकार आले. त्याचे भाऊ आनंदराव आणि संपतराव हेही बडोद्याचेच झाले. या शेवटच्या गोष्टीला चरित्रांत एखादं वाक्य मिळतं. मी तिला सगळ्यात जास्त वजन देतो. महालात कोणीतरी होतं ज्याला कवळाण्याची विहीर ठाऊक होती.

या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. बाराव्या वर्षापर्यंत ज्याच्या हातात पाटी आली नाही, त्याला पाटीची किंमत कळली, एवढं मी छातीठोकपणे म्हणतो. त्याच्या पोटच्या मुलांना सगळं मिळालं, देशी-विदेशी शिक्षण, सुखसोयी, प्रवास. पण थोरला फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेला, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. १९३९ साली सयाजीराव वारले तेव्हा गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावाकडे गेली. ज्याने स्वतः वारस म्हणून परक्या घरात पाऊल ठेवलं, त्याने आपले तीन मुलगे आपल्या डोळ्यांदेखत जाताना पाहिले. इतकी वर्षं राज्य करूनही माणसाला हे चुकवता येत नाही.

आणि आता कोल्हापूर. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण वीस वर्षांच्या आत या गादीने एकामागून एक तीन मुलं बाहेरून घेतली, आणि तिघांची आयुष्यं एकमेकांशेजारी ठेवली की वारस होणं म्हणजे काय ते उघड दिसतं.

पहिला राजाराम. पाटणकरांच्या घरातला, गादीवरच्या छत्रपतींच्या बहिणीचा मुलगा. १८६६ साली सोळाव्या वर्षी तो गादीवर आला. शिकला, इंग्रजी उत्तम बोलू लागला, १८७० साली इंग्लंडला गेला आणि परतताना इटलीत फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला वारला. वय वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्याचं दहन झालं. तिथे आज त्याची छत्री आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला इटालियन लोक त्या भारतीयाच्या नावानेच ओळखतात. प्रवासात लिहिलेली त्याची रोजनिशी पुढे छापली गेली. नवं जग पाहायला निघालेल्या, उत्सुक मुलाची रोजनिशी आहे ती.

दुसरा नारायण. भोसल्यांच्याच घरातला, साधारण आठ वर्षांचा. १८७१ साली त्याला घेऊन चौथे शिवाजी हे नाव दिलं. शिवाजी हे नाव त्या वयाच्या कोणाही मुलावर ठेवणं म्हणजे काय, याचा विचार त्या वेळी कोणी केला असेल असं मला वाटत नाही. काही वर्षं बरी गेली. १८७७ च्या दिल्ली दरबारालाही तो गेला. मग त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं ठरलं आणि त्याच्याभोवती पहारे बसले. त्याचे हाल होतात, दिवाण माधवराव बर्वे यांचं कारस्थान आहे, अशा बातम्या पुण्यापर्यंत आल्या. 'केसरी' आणि 'मराठा' या कोवळ्या पत्रांनी छत्रपतींची बाजू घेतली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. छापलेली पत्रं बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर चार महिन्यांच्या शिक्षेवर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. टिळक-आगरकरांचा तो पहिला तुरुंगवास म्हणून मराठी माणसाला हा प्रसंग पाठ असतो. ज्याच्यासाठी ते गेले त्या मुलाचं पुढे काय झालं, हे फार थोड्यांना आठवतं.

त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत तो मेला. जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याच्या मनाला काय झालं होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या हकिकतींत डॉक्टर आहेत, पहारेकरी आहेत, दिवाण आहेत, पोलिटिकल एजंट आहे, संपादक आहेत. त्याला नारायण म्हणून हाक मारणारं कोणी मला त्यांत भेटलं नाही. आठव्या वर्षी घर सुटलेल्या मुलाला विसाव्या वर्षापर्यंत जर कोणी जन्माच्या नावाने हाक मारली नसेल, तर त्याचं डोकं ठिकाणावर राहावं ही अपेक्षाच मला निर्दय वाटते. त्याच्यावर राग धरणाऱ्यांना आणि त्याची कीव करणाऱ्यांना, दोघांनाही तो राजा म्हणूनच हवा होता.

तिसरा मुलगा यशवंतराव, कागलच्या घाटग्यांचा थोरला. चौथ्या शिवाजीच्या मृत्यूला तीन महिनेही झाले नव्हते. १७ मार्च १८८४ रोजी त्याची विधवा आनंदीबाई यांनी यशवंतरावाला दत्तक घेतलं आणि तो शाहू छत्रपती झाला. वय दहाच्या आत. आई राधाबाई त्याच्या लहानपणीच वारल्या होत्या. वडील जयसिंगराव आबासाहेब घाटगे त्या वेळी कोल्हापूरचे रीजंट होते. आधीच्या छत्रपतीच्या शेवटच्या काळातही तेच रीजंट होते. म्हणजे त्या मुलाची अखेर कशी झाली ते ज्याने जवळून पाहिलं, त्याने आपला थोरला मुलगा त्याच गादीला दिला. थोरला देऊ नये हे शास्त्र आबासाहेबांना ठाऊक नसेल असं कसं म्हणावं? महत्त्वाकांक्षा असेल, कर्तव्य वाटलं असेल, इंग्रजांचा शब्द मोडवला नसेल. बाप म्हणून त्या माणसाची त्या दिवसातली झोप कशी असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, तेही गेले. शाहू अकरा वर्षांचे होते.

इथे ही कहाणी नारायणच्या वाटेने जायला काहीच हरकत नव्हती. आई नाही, बाप नाही, नाव नवं, वाडा परका, देखरेखीला परके अधिकारी. पण एक फरक होता. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शाहू शिकायला गेले तेव्हा धाकटे भाऊ पिराजीराव, म्हणजे बापूसाहेब घाटगे, त्यांच्याबरोबर होते. पुढे धारवाडला फ्रेजरच्या हाताखाली शिक्षण झालं. फ्रेजर हा विद्यार्थ्याकडे विद्यार्थी म्हणून पाहणारा शिक्षक होता. थोरला दत्तक गेल्यामुळे कागलची जहागीर बापूसाहेबांकडे आली, तरी दोघा भावांचं नातं शेवटपर्यंत भावांचंच राहिलं. शास्त्राने तोडलेली नाळ घाटग्यांनी व्यवहारात तुटू दिली नाही. २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंच्या हाती अधिकार आले तेव्हा ते विसाव्या वर्षात होते, नारायण ज्या वयात मेला जवळजवळ त्याच वयाचे.

गादी तीच, विधी तोच, राज्यावर नजर ठेवणारं सरकारही तेच. मुलाभोवती कोण उभं होतं, एवढंच बदललं होतं. आपण कर्तृत्वाचं श्रेय रक्ताला देतो, नाहीतर नशिबाला देतो. राजोपाध्ये, दिवाण आणि एजंट यांच्या गर्दीत घरचं एक माणूस असणं याला श्रेय द्यायला मात्र आपण विसरतो.

शाहूंचं मोठेपण सांगताना १९०२ चा राखीव जागांचा हुकूम, वेदोक्त प्रकरण आणि १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा या गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्या सांगायलाच हव्यात. मी मात्र कोल्हापूरच्या वसतिगृहांपाशी जास्त रेंगाळतो. १९०१ पासून एकेका समाजासाठी त्यांनी वसतिगृहं उभी करायला मदत केली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानले गेलेले समाज, पुढे आणखी कितीतरी. शाळा काढणारे राजे आणखीही झाले. पण खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला रात्री झोपायला जागा लागते, सणाच्या दिवशी त्याला घरची आठवण येते, आपल्या बोलीत बोलणारं कोणीतरी जवळ लागतं, हे ज्याला उमगलं तो मला दहाव्या वर्षी कागलहून निघालेला यशवंतराव वाटतो. असं एखाद्या दप्तरात लिहिलेलं असेल अशी माझी अपेक्षाही नाही. राजकोटच्या खोलीत वडिलांच्या मृत्यूची बातमी ऐकलेल्या मुलाने पुढे दुसऱ्यांच्या मुलांसाठी घरं बांधली, या दोन घटना शेजारी ठेवल्यावर मला तिसऱ्या पुराव्याची गरज भासत नाही.

त्यांतल्या जैन वसतिगृहात कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहून गेला. शाहूंचा प्रभाव त्याने पुढे उघडपणे मान्य केला. १९१९ मध्ये त्याने रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. याच साताऱ्यात १८४८ साली मरणाच्या दारात असलेल्या छत्रपतींनी वेंकोजी नावाच्या मुलाला दत्तक घेतलं होतं, ते दत्तक इंग्रजांनी झिडकारलं आणि थोरल्या शाहूंची गादी संपली होती. भाऊरावांच्या वसतिगृहात जेवणाची पंगत एक होती, मुलं आपापली भांडी घासत, दळण दळत, शेतात राबत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. नाव ठेवलं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'.